उंची वाइन : प्यायला घ्यायची की ठेवायला? बेळगाव-निपाणी-खानापूरकरांसाठी

टिळकवाडीकर

सध्या आपल्या भागात ओळखीच्या बऱ्याच जणांना एक फोन येतोय. जमीन विकलेले, आखातातून परतलेले, नुकतेच निवृत्त झालेले अशांना तर हमखास. पलीकडचा माणूस गोड बोलतो : फ्रान्सच्या वाइनची पेटी तुमच्या नावावर घेऊन ठेवतो, पाच वर्षांत दुप्पट. माझा एक मावसभाऊ पैसे भरायच्या बेतात होता. त्याला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण विषय खोटा नाही. उंची वाइनचा बाजार खराच आहे, जुना आहे. पण तो ज्या पद्धतीने फोनवर विकला जातोय ती पद्धत घातक आहे.

आधी हे लक्षात घ्या की जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच असते. ती ठेवली तर सुधारत नाही, बिघडते. ठेवून चव आणि किंमत दोन्ही वाढणाऱ्या वाइनचा गट फार लहान. फ्रान्सच्या बोर्दो भागातली नावाजलेली शातो (म्हणजे स्वतःचे मळे असलेली वाइन-घराणी), तिथल्याच बर्गंडीतले थोडे मळे, शँपेनची मोजकी नावं, इटलीचं बारोलो आणि टस्कनीतल्या काही, पोर्तुगालचं व्हिंटेज पोर्ट ही गोड, कडक वाइन. बोर्दोमध्ये १८५५ साली प्रतवारी ठरली. पहिल्या वर्गात लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ ही चार नावं होती. १९७३ मध्ये त्यात मुतों रोथशिल्डची भर पडली. दीडशेहून अधिक वर्षांत पहिल्या वर्गात झालेली बढती ती एवढीच. बाजार का टिकून आहे ते यावरून कळावं : नावं ठरलेली आहेत आणि नवीन नाव सहजासहजी आत येत नाही.

दुसरं कारण म्हणजे जमीन वाढत नाही. बर्गंडीतला रोमाने-कोंती हा मळा १.८ हेक्टरचा, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. आपल्याकडे एवढी बाग असणाऱ्याला कोणी बडा बागायतदार म्हणणार नाही. त्या मळ्यातून वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि गिऱ्हाईक जगभर. १९४५ साली तर फक्त ६०० बाटल्या झाल्या होत्या. त्यातली एक २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. फोनवाले हाच आकडा ऐकवतात. पण ती बाटली बर्गंडीतल्या एका नामवंत वाइन-व्यापाऱ्याच्या स्वतःच्या तळघरातून थेट आली होती, हे ते सांगत नाहीत. किंमत वाइनची होती तेवढीच त्या तळघराचीही होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्यायची वाइन आणि ठेवायची वाइन यांचे हिशेब वेगळे ठेवा. प्यायची ती घरी आणा, जपा आणि वेळेत उघडा. नफ्यासाठी घ्यायची असेल तर ती भारतात आणूच नका. बेळगावात आलेली बाटली ही प्यायची बाटली, मग तिच्यावर लाफितचं लेबल का असेना.

जाणकारांनी भर घालावी.

सराफगल्ली

चांगला विषय. एक सरळ प्रश्न विचारतो. आमच्या घरात चार पैसे हातात आले की सोनं घ्यायची रीत. सोनं रात्री बारा वाजताही विकता येतं, गहाण ठेवता येतं. वाइनच्या पेटीचं तसं काय आहे? अडीनडीला कोण घेणार ती?

हिशेबनीस_शहापूर

सराफगल्लीदादा, प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर आकड्यांत देते.

समजा, २ लाखांची एक पेटी घेतली आणि दहा वर्षांनी तिचा भाव ३ लाख झाला. ऐकायला दीडपट. आता खर्च धरा. विकताना दलाल किंवा लिलावगृह साधारण १० टक्के घेतं असं मानू, म्हणजे ३० हजार गेले. गोदामाचं भाडं आणि विमा वर्षाला २ हजार धरला तर दहा वर्षांत २० हजार. हाती आले अडीच लाख. दहा वर्षांत २ लाखांवर ५० हजार, म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. पोस्टातली ठेवसुद्धा याहून जास्त देते. वाइन व्याज देत नाही, लाभांश देत नाही, भाडं मात्र दर वर्षी मागते. त्यामुळे किंमत नुसती वाढून भागत नाही, चांगलीच वाढावी लागते. रुपया घसरला तर थोडा हात मिळतो, पण त्या भरवशावर हिशेब मांडू नये.

आता कराचं. परदेशात पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातल्या गोदामात तुमच्या नावावर पेटी असेल तर ती परदेशी मालमत्ता आहे. विवरणपत्रात शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवावी लागते. हे न दाखवणं फार महागात पडू शकतं.

फोनवाले अजून एक गोष्ट सांगतात, वाइनच्या नफ्यावर कर नाही म्हणून. इंग्लंडात वाइन नाशवंत मालमत्ता धरून बऱ्याचदा भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरं. पण ती सवलत तिथल्या करदात्याची. बेळगावात राहणाऱ्या माणसाला जगात कुठेही झालेल्या नफ्यावर इथे कर आहे. पैसे पाठवण्याआधी स्वतःच्या सीएशी बोला, विकणाऱ्याच्या सीएशी नव्हे.

टेम्सकाठचा_खानापुरी

मूळ खानापूर तालुक्यातला, आता बरीच वर्षं लंडनला. इथे थोडी वाइन घेऊन ठेवलेली आहे, म्हणून व्यवहार कसा चालतो ते लिहितो.

इथे 'बाँडमध्ये' घेणं हा शब्द सतत ऐकू येतो. म्हणजे सरकारमान्य सीमाशुल्क गोदाम. पेटी त्या गोदामात असेपर्यंत अबकारी शुल्क आणि व्हॅट भरावा लागत नाही. बाहेर काढली की दोन्ही भरा. विल्टशायरमध्ये कॉर्शम इथे दगडाच्या जुन्या खाणीत असं एक मोठं गोदाम आहे, जमिनीखाली, वर्षभर एकसारखं थंड. पेटी एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जाते तेव्हा बऱ्याचदा जागची हलतसुद्धा नाही. कागदावर नाव बदलतं, बस. पुढच्या गिऱ्हाइकाला हेच हवं असतं : मळ्यातून निघाली, बाँडमध्ये आली, तिथेच आहे. मूळ लाकडी पेटी, खिळे न काढलेली. टिळकवाडीकरांनी वर भारतात आणू नका म्हटलंय ते यासाठीच. एकदा ही साखळी तुटली की भाव पडतो.

दुसरी पद्धत 'ऑन प्रिमर'. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडली, पुढच्या वसंतात वाइन अजून पिंपातच असते, तेव्हा जाणकार चाखतात, गुण देतात आणि शातो भाव जाहीर करतात. तुम्ही तेव्हा पैसे भरायचे, बाटल्या मिळणार साधारण दोन वर्षांनी. पूर्वी यात खरंच स्वस्त मिळायचं. १९८२च्या बोर्दोने अनेकांचं भलं केलं आणि अमेरिकी वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या शंभर गुणांच्या पद्धतीलाही त्याच सालाने वजन आणलं. मग शातोंनी भाव चढवले. २०१० हे साल अप्रतिम होतं, पण तेव्हा पिंपातच घेतलेल्या अनेकांना पुढे कित्येक वर्षं मूळ किंमतही दिसली नाही. वाइन उत्तम आणि गुंतवणूक वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शातो लातूरने तर २०१२ मध्ये ही पद्धतच सोडली. आता ते वाइन स्वतःच्या तळघरात मुरवतात आणि प्यायला येईल तशी बाजारात काढतात.

चिनी मागणीची गोष्टही ध्यानात ठेवावी. लाफितने २००८ सालच्या बाटलीवर आठ या अंकाचं चिनी चिन्ह कोरलं, कारण तिकडे आठ शुभ. भाव गगनाला गेले, आणि २०११ मध्ये खाली आले. अलीकडे पुन्हा तसंच. २०२२च्या अखेरीपर्यंत बाजार चढला आणि मग सलग दोन वर्षं उतरत राहिला. हे सगळं लिव्ह-एक्स नावाच्या लंडनच्या बाजारपेठेच्या निर्देशांकांत दिसतं. ती २००० साली सुरू झाली. फोनवाल्याला विचारा, मला विकताय त्या वाइनचा, त्याच सालाचा लिव्ह-एक्सवरचा भाव काय? तो अडखळला की फोन ठेवून द्या.

कॅम्पातला_जुना

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असेच पैसे भरले. प्रमाणपत्र आलं, सुंदर छापलेलं. पेटी कुठल्या गोदामात आहे हे विचारलं तर उत्तरच नाही. कंपनीचा फोन पुढे बंद. या बाजारावर देखरेख कोणाची असते?

टेम्सकाठचा_खानापुरी

काका, इथे वाइनची खरेदी-विक्री वित्तीय नियामकाच्या कक्षेत येत नाही. भारतात सेबीही बाटलीवर देखरेख करत नाही. म्हणजे फसलात तर पोलीस आणि कोर्ट, मधलं कोणी नाही.

प्रमाणपत्राला किंमत नाही. गोदामात खातं स्वतःच्या नावाचं हवं आणि गोदामाने थेट तुम्हाला कळवायला हवं की अमुक पेटी, अमुक क्रमांक, तुमच्या नावावर. व्यापाऱ्याच्या खात्यात 'तुमच्यासाठी' ठेवलेली पेटी व्यापारी बुडाला की त्याच्या घेणेकऱ्यांच्या हाती जाऊ शकते. २०२२ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण उघड झालं. उंची वाइन तारण आहे असं सांगून गुंतवणूकदारांकडून ९ कोटी ९० लाख डॉलर गोळा केले आणि ती वाइन बहुतेक अस्तित्वातच नव्हती, असा आरोप होता.

बाटलीही खोटी असते. रुडी कुर्नियावान हा माणूस अमेरिकेत घरी बसून बनावट जुन्या बाटल्या तयार करायचा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बर्गंडीच्या पोंसो घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या बाटल्या आल्या, सालं १९४५ वगैरे. घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे पोचले. ती वाइन त्यांच्याकडे बनायलाच लागली होती १९८०च्या दशकात. बाटल्या मागे घ्याव्या लागल्या. २०१४ मध्ये रुडीला दहा वर्षांची शिक्षा झाली. एवढे मोठे रसिक, एवढी नावाजलेली लिलावगृहं, तीही फसली. फोनवर विकत घेणाऱ्याने विचार करावा.

अथणी_द्राक्षवाला

नमस्कार मंडळी. आमची बाग तेलसंगच्या बाजूला. थॉम्पसन हाय, बेदाणा करतो, माल तासगावला जातो. फ्रान्सचं मला ठाऊक नाही, खरं द्राक्षाचं दोन शब्द बोलतो.

आपल्याकडं वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी. माल निघतो फेब्रुवारी-मार्चला, कोरड्या हवेत. तिकडं युरोपात मुख्य छाटणी एकच, आणि तोडणी ऐन पावसाच्या तोंडावर. सप्टेंबरात पाऊस लागला की साल गेलं. म्हणून तिकडं सालाला एवढी किंमत. २०१६ चांगलं, २०१३ वाईट असं ते म्हणतात ते यामुळं. आपल्याकडं अवकाळी आणि गारपीट सोडली तर साल आणि साल यात तेवढा फरक पडत नाही.

आणि वाइनची बाग वेगळी असते. खायच्या द्राक्षाला वेलीवर जेवढा माल धरतो त्याच्या निम्म्याहून कमी धरावा लागतो. मणी बारीक, साल जाड, बिया असलेले. शेतकऱ्याला वजनावर पैसे मिळत असतील तर तो माल कमी का धरंल? आमच्याकडं काही जणांनी पूर्वी वाइनच्या जाती लावल्या, मागणी थांबली तशी बागा काढून टाकल्या. कॅबर्नेचं द्राक्ष बाजारात खायला कोण घेणार? हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. चांगली बाटली का महाग असते ते कळावं म्हणून सांगतो. थॉम्पसनपासून उंची वाइन होत नाही आणि वर्षाआड बाग बदलूनही होत नाही. वेल जुनी व्हावी लागती.

टिळकवाडीकर

अण्णा, फार मोलाचं लिहिलंत. 'माल कमी का धरंल' या एका प्रश्नातच भारतातल्या वाइनची सगळी अडचण आहे. अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीने स्वतःच्या बागा लावल्या त्या याच कारणाने चांगल्या निघाल्या असं मला वाटतं.

वडगावची_सुगरण

गुंतवणुकीत मला रस नाही, प्यायच्या वाइनबद्दल लिहिते. आम्ही दोघं अधूनमधून चांगली बाटली उघडतो आणि बेळगावात बसून काय जमतं याचा मला पुरेसा अनुभव आहे.

आयात वाइनवर सीमाशुल्क १५० टक्के. हजार रुपयांची बाटली बंदरातच अडीच हजारांची होते, त्यावर राज्याचं शुल्क, आयातदार, दुकानदार. म्हणजे आपण पाच हजार देतो तेव्हा बाटलीत वाइन असते हजाराची. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि तिथल्या बऱ्या वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होतंय, तेव्हा आयात घ्यायचीच तर तिकडची शिराझ ही लाल वाइन बघावी. नाहीतर त्याच पैशात आपल्याकडची वरच्या दर्जाची बाटली जास्त समाधान देते. नाशिकच्या सुलाची रासा, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, नंदी टेकड्यांच्या पायथ्याच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, हंपीकडची क्रस्मा. यातल्या लाल वाइन तीन-चार वर्षं नीट ठेवल्या तर उतरत नाहीत, काही चक्क खुलतात. वीस वर्षं ठेवायच्या नाहीत.

दुकानात बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं, कागदाखाली चिकटपणा, गळ्यातली पातळी खाली गेलेली, यातलं काहीही दिसलं तर ती उन्हाने मारलेली बाटली. आतल्या खोक्यातली मागा. उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा वास आला तर बूच खराब होतं. अशी वाइन प्यायल्याने काही होत नाही, पण चव मेलेली असते.

ठेवण्याचं सांगायचं तर बेळगावची हवा बाकी उत्तर कर्नाटकापेक्षा बरी, तरी उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या पुढे जातो. वाइनला हवं १२-१३ अंश, अंधार आणि कमी हलणं. आमच्या वडगावच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंतींचं माजघर आहे. तिथे पावसाळा आणि हिवाळा निभावतो, मार्च ते मे नाही. माळ्यावर तर कधीच ठेवू नका, घरातली सगळी उष्णता तिथे साठते. आम्ही शेवटी लहान वाइन कपाट घेतलं आणि ते इन्व्हर्टरवर टाकलं. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालतं, पण तिथली हवा कोरडी असते, महिनोन्‌महिने ठेवलं तर बूच आक्रसतं. पावसाळ्यात लेबलांना बुरशी येते, म्हणून मी बाटलीला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळते. बूच असलेली बाटली आडवीच हवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

आणि जेवण. तांबड्या रश्श्याबरोबर जड, तुरट कॅबर्ने अजिबात नको, तिखट अजून तिखट लागतं. त्याला थोडी गोडसर पांढरी वाइन, शेनिन ब्लाँ किंवा रिझलिंग, चांगली गार. सुक्या मटणाला शिराझ. कुंद्याबरोबर एकदा पोर्ट घेऊन बघा, खवा आणि पोर्ट फार छान जुळतात.

चोर्ला_घाट

कायद्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गोव्यात निवड मोठी आणि भाव कमी, त्यामुळे सुट्टीहून येताना डिकीत दोन-चार बाटल्या टाकायचा मोह होतो. कर्नाटकचं शुल्क न भरलेली दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि वाइन त्याला अपवाद नाही. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. शिनोळीला महाराष्ट्राच्या हद्दीत घेतलेल्या बाटलीचंही तेच. पाच मिनिटांचा रस्ता असला तरी राज्य बदलतं. आमचे नातेवाईक दोन्हीकडे, शेतं दोन्हीकडे, लग्नंही दोन्हीकडे, तरी बाटली इकडची इकडे आणि तिकडची तिकडे हे पाळावं लागतं.

घरात किती ठेवता येते त्यालाही उत्पादन शुल्क नियमांत मर्यादा आहे. आणि परवान्याशिवाय विकणं तर सरळ बेकायदा. म्हणजे घरी जपलेली उत्तम पेटी दहा वर्षांनी शेजाऱ्याला विकून नफा काढू, असं कोणाच्या डोक्यात असेल तर तो मार्गच नाही. कर्नाटकात दुकानांना माल मिळतो तो राज्याच्या पेय महामंडळामार्फत. खासगी माणसाची बाटली त्या साखळीत परत घुसू शकत नाही.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला मात्र दोन लिटरपर्यंत शुल्कमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. कोणी येत असेल तर व्हिस्कीऐवजी त्या दोन नीट निवडून मागवा. इथे पाच-सहा हजारांना मिळणारी तिकडे फार स्वस्त असते.

सराफगल्ली

म्हणजे सोनंच बरं म्हणायचं की.

टेम्सकाठचा_खानापुरी

नफाच हवा असेल तर बहुतेकांसाठी होय. पण इथली एक जुनी रीत सांगतो, मला ती मनापासून आवडते. आवडत्या वाइनच्या दोन पेट्या घ्यायच्या, बाँडमध्ये ठेवायच्या. दहा-बारा वर्षांनी एक विकायची आणि त्या पैशात दुसरी जवळजवळ फुकट प्यायची. भाव पडला तर दोन्ही प्यायच्या. भाव पडला म्हणून वाइनची चव कमी होत नाही, शेअरचं तसं नसतं. फक्त त्यासाठी तुम्हाला ती वाइन खरोखर आवडायला हवी, आणि प्यायला तुम्ही जिथे आहात तिथे ती पोचायला हवी. बेळगावात राहणाऱ्याला ती आणताना १५० टक्के भरावे लागतील, म्हणून ही रीत परदेशात घर असलेल्यांनाच परवडते. ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांनी मुलाच्या नावावर, मुलाच्या कष्टाच्या पैशातून, त्याला गोडी असेल तरच करावं.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मावसभावाला पूर्ण धागा वाचायला दिला. त्याने फोनवाल्याला गोदामाचं नाव, पेटीचा क्रमांक आणि लिव्ह-एक्सचा भाव असे तीन प्रश्न पाठवले. उत्तर म्हणून 'आजच भरलं तर पाच टक्के सूट' असा निरोप आला. त्याने पैसे भरले नाहीत.

हिशेबनीसताई, एक विचारायचं राहिलं. कोणी आधीच पैसे भरून बसलं असेल आणि पेटी खरोखर बाँडमध्ये त्यांच्या नावावर निघाली, पण मागच्या वर्षीच्या विवरणपत्रात ती दाखवली नसेल, तर सुधारित विवरणपत्र भरता येतं का?

हिशेबनीस_शहापूर

मुदत उलटली नसेल तर भरता येतं, आणि नोटीस यायच्या आत भरणं केव्हाही चांगलं. शेड्यूल एफएला ३१ डिसेंबरपर्यंतचं कॅलेंडर वर्ष धरतात, आर्थिक वर्ष नव्हे, इथे बरेच जण गोंधळतात. खरेदीची पावती, बँकेचा प्रेषणाचा कागद आणि गोदामाचं पत्र हे तिन्ही जवळ ठेवून सीएकडे जा. गोदामाचं पत्रच नसेल तर आधी ते मागवा. आठवड्याभरात आलं नाही तर सीएच्या आधी वकिलाकडे जावं लागेल.